ड्राफ्ट बिअरची ‘पिंट’ नेमकी किती मिलीची धरायची?

काउंटर_परभणी:
मंडळी, परमिट रूमला ड्राफ्टचं (नळाच्या बिअरचं) मशीन बसवतोय, ३० लिटरचे केग, म्हणजे बिअरची पिंपं, येणार. पुरवठादार म्हणतो ५६८ मिलीचे ‘पिंट ग्लास’ घ्या. पण इकडं पिंट म्हटलं की गिऱ्हाइकाला ३३० मिलीची लहान बाटलीच दिसते. मेनूवर काय लिहू? आणि एका केगात किती ग्लास धरू?

आदुली_पायली:
मेनूवर फक्त मिली लिहा. पिंटचं दुखणं आपल्या पायलीसारखंच आहे. पायली चार शेरांची हे सगळ्यांना मान्य, पण शेर केवढा, ते बाजार बदलला की बदलतं. पिंट म्हणजे गॅलनचा आठवा भाग, हे इंग्लंडलाही मान्य आणि अमेरिकेलाही. पण इंग्लिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ चा. म्हणून इंग्लंडात पिंट ५६८ मिली, अमेरिकेत ४७३. दक्षिण ऑस्ट्रेलियात तर ४२५ मिलीलाच पिंट म्हणतात. आपली ३३० ची पिंट यातल्या कुठल्याच हिशेबात बसत नाही, ते नुसतं बोलण्यातलं नाव.

वैधमापन कायदा २००९ च्या कलम ११ प्रमाणे भाव आणि दरपत्रक प्रमाणित एककातच, म्हणजे इथं मिली-लिटरमध्येच, लागतं. इंग्लंडात उलटं आहे: नळाची बिअर तिथं पिंट, अर्धी, एकतृतीयांश किंवा (२०११ पासून) दोनतृतीयांश पिंट अशीच विकावी लागते. तो नियम तिथला, त्यांचा ग्लास आणला म्हणून आपल्याला लागू होत नाही.

केग_आणि_कूलर:
ग्लास ५६८ चेच घ्या, पण विका ५०० मिली. काठोकाठ ५६८ मावणाऱ्या ग्लासात ५०० ला रेघ असली की वर ६८ मिली जागा फेसाला उरते. भांडणं तिथंच होतात राव: ५०० चाच ग्लास घेतला तर फेसाखाली बिअर ४४०-४५० भरते आणि गिऱ्हाईक बरोबर ओरडतं. रेघ काचेवर भाजून छापलेली घ्या, हातानं मारलेला रंग गरम पाण्यात निघून जातो.

कागदावर ३० लिटरचे ५०० मिलीप्रमाणे ६० ग्लास. ५६ धरा. उरलेलं फेसात, नळीत आणि केगच्या तळाला जातं. ५० च्या खाली आलात तर थंडावा तपासा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ वर असतो. केग आदल्या दिवशीच कूलरमध्ये ठेवा, बिअर ३-४ अंशांवर हवी. केगमधल्या गॅसचा दाब १२ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास. केग गार असूनही पहिला ग्लास नुसता फेस येत असेल तर कूलरपासून नळापर्यंतची नळी तापतेय, तिला इन्सुलेशन करा. कामगार दाब कमी करून फेस आवरायला जातात, तसं करू नका. दाब पडला की वायू नळीतच सुटतो आणि फेस वाढतो. नळ्या दर पंधरा दिवसांनी धुवा.

काउंटर_परभणी:
आभार दादा. पण ग्लास खरंच ५६८ चा आहे का, हे कसं ओळखायचं?

आदुली_पायली:
किचनचा इलेक्ट्रॉनिक काटा सपाट ओट्यावर ठेवा. कोरडा ग्लास ठेवून काटा शून्य करा, काठापर्यंत पाणी भरा. ३० अंशांच्या पाण्यात ५६८ मिलीचं वजन ५६५-५६६ ग्रॅम येतं. ४७० च्या आसपास आलं तर अमेरिकन ग्लास गळ्यात मारलाय, त्यात ५०० बसणारच नाही. खोक्यातला एकच नको, पाच-सहा तपासा. रेघेपर्यंतचं वजन ४९८ ग्रॅम.

शिवाय ५०० मिलीचं मुद्रांकित (वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं) माप काउंटरमागं ठेवा. वाद झाला तर त्यात ओतून दाखवायचं, फेस बसू द्यायचा, मग वाचायचं.

काउंटर_परभणी:
आणि बाटलीत कमी भरलंय म्हणून तक्रार आली तर?

केग_आणि_कूलर:
६५० मिलीच्या बाटलीला १५ मिलीपर्यंत फरक नियमात बसतो, ३३० ला ३ टक्के, म्हणजे जेमतेम १० मिली. त्याहून कमी दिसली तर बाटली फोडू नका, सीलसकट वितरकाकडं परत. बिलावर मात्र ‘पिंट’ नको, ३३० मिली लिहा. क्वार्टरचंही तेच: ७५० चा चौथा हिस्सा होतो १८७.५, बाटलीत असतात १८०.