वर्षाचं धान्य भरायचंय: एरंडेल किती, ऊन किती, आणि बोरिक लावू का?

माळ्यावरचा_डबा:
यंदा पहिल्यांदाच वर्षाचं धान्य घेतलंय. ५० किलो लोकवन, २५ किलो कोलम, ५ किलो अख्खे मूग, ५ किलो तूरडाळ. गच्ची वापरता येते. गव्हाला पत्र्याची कोठी आहे, बाकी स्टीलचे डबे. दुकानदार म्हणतो गव्हाला एरंडेल, तांदळाला बोरिक पावडर, डाळीत पारद गोळ्या. जाणत्यांनी मापासकट सांगावं. चमचाभर की वाटीभर, तेच कळत नाही.

कोठीघर:
आधी ऊन, मग तेल. गहू चाळून, निवडून गच्चीवर जुन्या चादरीवर बोटाच्या पेराएवढ्या थरात पसरा. एप्रिल-मेचं कडक ऊन दोन-तीन दिवस पुरे, दुपारी एकदा हात फिरवून खालीवर करायचा. संध्याकाळी गोळा करून आत आणा, नाहीतर रात्रीची दमट हवा तो परत ओढून घेतो. दाणा दाताखाली धरून बघा. कट्टकन तुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन हवं.

पुढची चूक बहुतेकांची होते: गरम गहू तसाच कोठीत भरतात. झाकण लावलं की आतली वाफ पत्र्याला लागून थंड होते, पाणी सुटतं आणि कडेचा गहू बुरशी धरतो. रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या.

एरंडेल किलोला छोटा चमचा, म्हणजे साधारण ५ मिली. ५० किलोला पाव लिटर झालं, त्याहून जास्त नको. एका वेळी ५ किलो परातीत घ्या, पाच चमचे तेल तळहातांना लावत लावत गव्हाला चोळा. दाण्याला नुसती चकाकी यायला हवी. हाताला ओघळ लागला तर तेल जास्त झालं. असा गहू पुढे खवट वास मारतो आणि गिरणीवाला कुरकुरतो ते वेगळंच. दळणाआधी सुती फडक्याने पुसून घ्यायचा.

कोठी पाटावर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब.

सोंडेपुराण:
गव्हाचं वरचं सगळं बरोबर. पण तांदूळ चुकूनही कडक उन्हात घालू नका! दाण्याला बारीक चिरा पडतात आणि भात करताना कणी होते. पंख्याखाली सावलीत एक दिवस पसरला की झालं.

बोरिक पावडर घरोघरी लावतात हे खरं, पण ते पोटात जायचं द्रव्य नाही. एखाद्या दिवशी घाईत तांदूळ एकदाच धुतला गेला की ते पानात आलंच. २५ किलोच असेल तर लावूच नका. पारद गोळ्यांना तर साफ नकार द्या. पारा म्हणजे विष, तो खायच्या धान्यात कशाला? आणि गोदामात वापरतात त्या सल्फासच्या गोळ्या कुणी दिल्या तर घरातसुद्धा आणायच्या नाहीत. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणूस मारतो.

तांदळाचे तीन-चार डबे करा, तोंडापर्यंत भरा. एकच डबा वापरात, बाकीचे दिवाळीपर्यंत बंद. मोठा डबा रोज उघडला की प्रत्येक वेळी दमट हवा आत.

माळ्यावरचा_डबा:
कडुनिंबाचा पाला चालेल ना? आणि मुगाचं कुणी बोललंच नाही. मागच्या पुड्यात दाण्यांना गोल भोकं होती, पुडा तर सीलबंद होता.

कोठीघर:
पाला चालतो, पण सावलीत कुरकुरीत वाळवून, पातळ फडक्यात बांधून. ओला टाकलात तर त्याच्याच पाण्याने धान्य कुजेल.

मूगगिळून:
सीलबंद पुड्यात भुंगे शिरले नाहीत, आतूनच निघाले. मुगाची कीड शेतातूनच येते. दाणा उजेडात धरा: सालीला चिकटलेले पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी. अळी आत शिरून डाळ खाते, भुंगा गोल भोक पाडून बाहेर येतो. म्हणून नुसतं निवडून उपयोग नाही.

५ किलोच आहेत, तर सोपा उपाय फ्रीझर. किलो-किलोच्या पिशव्या घट्ट बांधून उणे १८ अंशांवर चार दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर गार दाण्यावर दव धरतं. मग कोरड्या डब्यात. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर दोन दिवस ऊन आणि किलोला छोटा चमचा खायचं तेल. सालीवर तेलाचा थर बसला की अंडी गुदमरतात. जुन्या घरांत मूग राखेत घोळून ठेवत, तेही चांगलं काम करतं. पण चाळलेली राख आता आणायची कुठून?

तूरडाळीला या भुंग्यांचा त्रास कमी. त्यांना अख्खा, सालीचा दाणा लागतो. ऊन देऊन घट्ट डबा, बस.

सोंडेपुराण:
एक राहिलं. तांदळात सोंडे दिसलेच तर सावलीत पातळ पसरा, ते आपोआप कडेला चालत जातात. पण अंडी दाण्याच्या आत असतात, महिन्याभराने पुढची फौज हजर. तेव्हा तो डबा आधी संपवायला काढा. आणि नवा माल भरण्याआधी रिकामा डबा धुऊन उन्हात वाळवा, झाकणाची खाच जुन्या टूथब्रशने घासा. तिथल्या चिमूटभर पिठातच पुढचे किडे असतात.