कार्डावर चिप आहे म्हणून ऑनलाइन बिनधास्त?

सातरस्ता:
काल इथं एकानं लिहिलं, "चिपचं कार्ड आलंय, आता ऑनलाइन बिनधास्त खरेदी करा." वाचून डोकं फिरलं. मोबाइलवरून चादर मागवताना चिपला हात लावतंय कोण? दुकानातल्या मशीनमध्ये चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, म्हणून नकली कार्ड चालत नाही. ऑनलाइन आपण नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे टाइप करतो, बस. तिथं अडवतो तो ओटीपी. वडिलांनी तोच फोनवर सांगितला, 18 हजार गेले. परदेशी साइटवर तर बऱ्याचदा ओटीपीही येत नाही.

पूर्वभागकर:
पोस्ट माझी होती. ओटीपी सांगितला त्यात कार्डाचा काय दोष? चिपच्या आधीच्या, मागे नुसती काळी चुंबकीय पट्टी असलेल्या कार्डाचे दिवस विसरलात, पट्टीची सहज नक्कल व्हायची. मेव्हण्यानं पंपावर कार्ड घासलं, आठवड्यात परराज्यातल्या एटीएममधून पैसे गेले. 2018 अखेर ती कार्डं बदलायला लावली ती उगाच नाही. आणि ऑक्टोबर 2020 पासून नवं कार्ड ऑनलाइनसाठी बंदच येतं, आपण चालू करायचं.

अक्कलकोटनाका:
चिपचं नंतर बघू. कार्ड काढलं की दुकानदार "दोन टक्के जास्त पडतील" म्हणतात, ते आधी बंद करा. पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधला तेव्हा चारचौघांत वाद घालावा लागला.

चाटीगल्लीवाला:
कार्डानं पैसे घेतले की बँक आमच्याकडून कापते, ते कुणी भरायचं? डझनभर टॉवेलमागे सुटतात किती, गल्ल्यावर बसून बघा एकदा.

अक्कलकोटनाका:
माझं देशी 'रुपे'चं डेबिट कार्ड होतं! त्यावर जानेवारी 2020 पासून दुकानदाराला शून्य कपात आहे. इतर डेबिटवर जास्तीत जास्त 0.9 टक्के, वर्षाला 20 लाखांच्या आत धंदा असेल तर 0.4. दोन टक्के आणले कुठून?

चाटीगल्लीवाला:
आम्हाला चोर म्हणू नका. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं भाव पाडून घेतात, वर उधारी मागतात.

अक्कलकोटनाका:
उधारी कोण मागतंय ओ? रोख मोजून आलोय शेवटी.

चाटीगल्लीवाला:
रुपे डेबिटवर घेतले असतील तर चूक आहे, मान्य. क्रेडिट कार्डावर मात्र मी हटणार नाही.

सातरस्ता:
मूळ मुद्द्यावर या. ऑक्टोबर 2022 पासून साइटवाल्यांना आपला कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे त्या साइटपुरता चालणारा बदली आकडा ठेवतात. ऑनलाइनला खरा फरक त्यानं पडला, चिपनं नाही.

पूर्वभागकर:
ठीक आहे, "बिनधास्त" शब्द मागे घेतो. पण चिप बिनकामाची म्हणाल तर मेव्हण्याला घेऊन तुमच्या घरी येतो.

सातरस्ता:
बिनकामाची कुठं म्हणालो? वर जाऊन परत वाचा.