मदत हवी आहे: जुन्या मोटरहोमचं मागचं डावं चाक तापतंय, घाटात ब्रेकचं पेडल तळाला गेलं

मंडळी, गाडी म्हणजे १७ आसनी जुनी डिझेल व्हॅन. सीट काढून दोन बर्थ, ओटा आणि १०० लिटरची पाण्याची टाकी बसवलेली. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम, सोबत व्हॅक्यूम बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा भाग). मुक्काम मालगुंडला, समुद्राला लागूनच. पावसाळाभर शेडखाली उभी होती.

परवा कोल्हापूरहून आंबा घाट उतरताना लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) जळल्याचा वास आला आणि साखरप्याच्या अलीकडे पेडल जवळजवळ तळाला टेकलं. दुसऱ्या गिअरला होतो म्हणून गाडी आवरली. मागे आई-बाबा बसलेले, अजून धडधड गेलेली नाही. उतरून पाहिलं तर मागचं डावं चाक हात लावू देईना, उजवं जेमतेम कोमट. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा जागेवर. गाडी टो करून घरी आणलीय आणि ब्रेकची खात्री पटेपर्यंत हलवणार नाही.

गळती कुठेच नाही. ब्रेक ऑइल काळपट. गॅरेजवाले मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा मुख्य सिलिंडर) बदला म्हणतात, मला पटत नाही. तो गेला असता तर नुसतं थंड झाल्यावर पेडल परत आलं नसतं. माझ्या मते डावं चाक सुटत नाही, लायनर घासत राहतो आणि ती उष्णता चाकातल्या सिलिंडरमधल्या ऑइलला लागून ते उकळतं, वाफ होते आणि पेडल खाली जातं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत उतरतो.

चाक नक्की कशाने अडकलंय, होज (ऑइलची रबरी नळी), व्हील सिलिंडर (चाकातला, लायनर ड्रमवर दाबणारा) की हँडब्रेकची केबल, हे ड्रम न उघडता कळेल का? आणि रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात ड्रमला लेथवर नीट फेस मारून (आतला पृष्ठभाग कातून एकसारखा करून) देणारं कोणी आहे का?

प्रतिसाद
दादा, मास्टर सिलिंडर राहू द्या. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागचं चाक जॅकवर घ्या, हँडब्रेक सोडा. पेडल दाबून सोडल्यावर चाक अडकलं तर ब्लीडिंगचं निपल (चाकाच्या सिलिंडरमधून ऑइल-हवा बाहेर काढायचा स्क्रू) सैल करा. ऑइल उडून चाक सुटलं, तर प्रेशर अडकतंय. नाही सुटलं, तर पिस्टन जाम किंवा केबल. होजवर माझा संशय कमी. अशा बहुतेक गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला एकच होज येतो, तो आतून फुगला असता तर उजवं चाकही तापलं असतं.
खड्डे पडलेला सिलिंडर घासून परत वापरू नका. सिलिंडर आणि लायनर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, लेथवर त्याच्या पुढे जाऊ देऊ नका.

धागाकर्ता
मनापासून आभार. निपल सैल केलं, केबलही सोडली, चाक सुटलं नाही. ड्रम ठोकून उतरवला तर सिलिंडरचा एक पिस्टन गंजाने जाम, रबरी बूट फाटलेला. दोन्ही सिलिंडर आणि लायनर मागवतोय, ऑइल पूर्ण बदलणार. अ‍ॅक्सलवरच्या लोखंडी पाइपांनाही गंजाचे फोड आलेत, तेही आत्ताच बदलतो. लेथवाल्याचं मात्र कुणीतरी सांगा.