ताप आला की सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन: गावात ही सुई द्यावी का?

वॉर्डातली सिस्टर
अठरा वर्षं मेडिसिनच्या वॉर्डात आहे, विदर्भात. पावसाळा सरत आला की असे पेशंट येतात: गावात चार दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक टोचून झालेलं, जवळ कागद नाही, ताप तसाच. कपडे बाजूला करून नीट पाहिलं की काखेत नाहीतर जांघेत काळी खपली सापडते. स्क्रब टायफस, बारीक किडा चावून होणारा ताप. २०१८ साली नागपूरकडे याचीच साथ होती. त्यावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा उपयोग नाही, स्वस्तातली डॉक्सीसायक्लिन लागते. चार दिवस वाया जातात, तोवर किडनीवर आलेलं असतं. माझं स्पष्ट मत, अँटिबायोटिकचं इंजेक्शन भरती केल्याशिवाय देऊच नये.

पाड्यावरचा
ताई, भरती कुठे करायचं? आमच्याकडून ग्रामीण रुग्णालय चाळीस किलोमीटर, नाला चढला की तेही बंद. बाबांना न्यूमोनिया झाला, बीपी पडलं, ओठ निळे. गावातल्या डॉक्टरांनी पहिला डोस शिरेतून दिला, चिठ्ठीवर औषध, मात्रा आणि वेळ लिहिली, आणि जीपमध्ये बसवलं. तिकडच्या डॉक्टरांनी आधी ती वेळच वाचली. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडायला लागले की, शॉक असेल तर तासाभरात अँटिबायोटिक जायला हवं, हे तुम्हीच लोक सांगता. तुमचा नियम असता तर बाबा वाटेतच गेले असते.

आणि गडचिरोली विसरू नका. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवलं, त्यांनी घरी जाऊन जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळांना जेंटामायसिन या अँटिबायोटिकची सुई दिली. नवजात बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलंय.

मेडिकलवाला
गडचिरोलीच्या आरोग्यदूत बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, ठरलेली लक्षणं दिसली तरच सुई काढायच्या. माझ्या काउंटरवर काय होतं? “एक ग्रॅमची बाटली द्या, शेजारचा कंपाउंडर टोचतो.” सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २०१४ पासून एच-वन या सरकारी औषध-यादीत आहे, चिठ्ठी आणि रजिस्टरमध्ये नोंद लागते. नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. तरी मी देत नाही. अमिकॅसिन हे दुसरं अँटिबायोटिक तर मुळीच नाही. किडनीचा रिपोर्ट न बघता आठवडाभर टोचलं तर कान जातात, आणि गेलेली ऐकू येण्याची शक्ती बहुतेकदा परत येत नाही.

वॉर्डातली सिस्टर
पाड्यावरचे दादा, बाबांचं वाचून गलबलले. तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं, ‘भरतीशिवाय नाहीच’ हे माझं वाक्य मी मागे घेते. पण तो एक डोस होता, पुढे पाठवण्यासाठी. मी भांडतेय ते रोज संध्याकाळी ‘एक सुई मारा’ म्हणणाऱ्यांशी.

सुईची अ‍ॅलर्जी, म्हणजे रिअ‍ॅक्शन, मी जवळून पाहिली आहे. हातावर टेस्ट डोस, भोवती पेनाने गोल, पंधरा मिनिटं काही उठलं नाही. पूर्ण डोस गेला आणि दोन मिनिटांत बाई म्हणाली, “घसा आवळतोय.” अशा वेळी जीव वाचवणारं अ‍ॅड्रिनलिन ट्रेमध्येच होतं, मांडीत अर्धा मिलिग्रॅम दिलं, म्हणून वाचली. टेस्ट कोरी आली म्हणजे धोका टळला असं नसतं. आणि कमरेत द्यायला म्हणून लिग्नोकेनमध्ये (बधिर करणाऱ्या औषधात) कालवलेलं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेतून कधीच द्यायचं नाही. आरएलच्या (रिंगर लॅक्टेट सलाईनच्या) चालू बाटलीतही सोडायचं नाही, त्यातल्या कॅल्शियमशी साका होतो. नवजात बाळांचे जीव गेलेत त्याने.

पाड्यावरचा
मग हेच आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांना शिकवा आणि अ‍ॅड्रिनलिनची पेटी तिथे ठेवा. सुई बंद करायची मागणी मला मान्य नाही.

मेडिकलवाला
पेटीला माझा पाठिंबा. पण दुसऱ्या डोसच्या आधी पेशंट रुग्णालयात पोचलाच पाहिजे, यावर मी अडून आहे.

पाड्यावरचा
नाल्यावर पूल झाला की पोचेल.