ज्येष्ठांना 'हलकंफुलकं काहीतरी' नको, काम द्या

उंबरठा
परवा इथे एकांनी लिहिलं की निवृत्त मंडळींना संस्थांनी 'हलकंफुलकं काहीतरी' द्यावं. पाकिटं चिकटवणं, स्वागताच्या टेबलाशी बसणं, तेवढाच त्यांचा वेळ जातो. वाचून संताप आला. सत्तरीतला माणूस सेवेसाठी घराबाहेर पडतो तो वेळ घालवायला नाही. आपल्यावाचून इथे काही अडत नाही, हे त्याला दुसऱ्या खेपेलाच कळतं. पाचव्या खेपेला तो येत नाही, आणि संस्था म्हणते, या वयाच्या लोकांचा भरवसा नाही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या 'एक्स्पिरियन्स कोअर' या उपक्रमात साठीपुढचे स्वयंसेवक प्राथमिक शाळांत आठवड्याला १५ तास द्यायचे. आधी प्रशिक्षण, मग एकेका शाळेत गटाने नेमणूक. याला काम म्हणतात.

एक कागद पुरतो: काम काय, वार, वेळ, अडलं तर कोणाला विचारायचं, येता आलं नाही तर कोणाला कळवायचं. पहिल्या दोन खेपा जुन्या स्वयंसेवकाच्या शेजारी बसवा. महिन्याने समोर बसून विचारा. एवढंही जमत नसेल तर संस्थेने स्वयंसेवक मागू नयेत.

कडुलिंब
असहमत. १५ तासांचं कौतुक धडधाकट माणसांपुरतं. ज्यांचे गुडघे गेलेत, घरात जोडीदार अंथरुणावर आहे, त्यांनी काय करायचं? 'हलकं' म्हणजे 'खोटं' हा अर्थ तुम्ही चिकटवलात. हातांची खुर्ची, जवळ स्वच्छतागृह, जिना नको, अंधार पडायच्या आत सुटका, एवढं दिलं की निम्म्या तक्रारी मिटतात. फोनवर बसवण्याआधी ऐकू कसं येतं ते बघा. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. 'स' निसटला की 'साठ'चं 'आठ' होतं. दोन्ही कानांवर बसणारा हेडफोन द्या आणि ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायची सवय लावा. शिवाय एका खुर्चीला दोन माणसं नेमा, एकाला दवाखाना निघाला तर दुसरा येतो.

पायवाट
पैशांचं दोघंही बोलत नाही. स्वयंसेवा म्हणून बसभाडंही खिशातून? प्रवासखर्च त्याच दिवशी हातात पडला पाहिजे, मागायला न लावता. आणि पगारी माणूस काढून त्याच्या जागी फुकट काम करणारे आजोबा बसवणं ही सेवा नव्हे, लबाडी आहे.

शब्दवेडी
वाद कशाला? अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करा. घरबसल्या होतं, मोबाइल असला की झालं.

उंबरठा
नाही होत! याच समजुतीपायी मेहनतीची ध्वनिमुद्रणं टाकून द्यावी लागतात. पंखा बंद करा. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे तोंड करून बसा. माइक वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, नाहीतर 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका ऐकू येतो. सुरुवातीला अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करा. पुढे घरघर काढायला तीच लागते. पाऊण तासाने थांबा. थकलेला आवाज वाक्याच्या शेवटी बसतो आणि आपल्याकडे क्रियापद तिथेच असतं. 'आहे' की 'नाही' तेच कळत नाही. चुकलं तर शब्द नको, अख्खं वाक्य पुन्हा घ्या. पान क्रमांक, तळटीप, आकृती कशी वाचायची हे आधी ठरवा.

टाकसाळ
हे सगळं करून उपयोग काय? सराईत अंध वाचक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, दुप्पट वेगाने ऐकतात. त्यातला एनव्हीडीए फुकट मिळतो, मराठी वाचतो. त्यांना मजकूर हवाय, तुमचा भावपूर्ण आवाज नाही.

शब्दवेडी
हे फार लागलं. संवादांनी भरलेली कादंबरी यंत्राकडून ऐका, मग माणसाच्या आवाजाबद्दल बोला.

टाकसाळ
कादंबरीपुरतं मान्य. अभ्यासाच्या पुस्तकाला नाही. परीक्षार्थीला मजकुरात शब्द शोधायचा असतो, एकेक अक्षर तपासायचं असतं. आवाजाच्या फाइलमध्ये ते होत नाही. अडचण आहे ती स्कॅनची. पानावरून मजकूर उतरवताना यंत्र 'ख'चा 'रव' करतं, घ-ध, भ-म, थ-य यांत गोंधळतं. 'घन'चं 'धन' झालं तर शुद्धलेखन-तपासनीही गप्प बसते, कारण दोन्ही शब्द बरोबर. तिथे मुरलेला वाचक लागतो. १९६२च्या शुद्धलेखन-नियमांआधीचं 'नांव', 'कांहीं' दिसलं की नवखा अनुस्वार उडवतो. जुनी पुस्तकं वाचत आलेल्याला माहीत असतं की छापलंय तसंच ठेवायचं. विकिस्रोतावर, म्हणजे स्वयंसेवकांनी उतरवलेल्या पुस्तकांच्या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात, तपासलेलं पान पिवळं होतं आणि दुसऱ्या सदस्याने पुन्हा तपासल्यावर हिरवं. आपलंच पान आपल्याला हिरवं करता येत नाही. माणसं हवीत ती इथे.

उंबरठा
बसून करायचं काम म्हणजे नाममात्रच, असं मी धरून चाललो होतो. तेवढं मागे घेतो, बाकी काही नाही. कागद इथेही हवा. पहिली १० पानं सरळ गद्याची द्या. तक्ते, कविता, तळटीपांची पानं नंतर. काय चुकलं ते त्याच आठवड्यात कळवा, नाहीतर तीच चूक २०० पानांत पसरते.

कडुलिंब
आणि हे मोबाइलवर करायला सांगू नका. मोठ्या पडद्यावर मूळ पान आणि मजकूर शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, अक्षर दीडपट मोठं. 'घ' की 'ध' बघायला दर वेळी पान सरकवावं लागलं तर अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी येतं.