मदत हवी आहे: शाश्वत शेती मोजायला संयुक्त राष्ट्रांच्या २.४.१ या निर्देशकाऐवजी काय वापरावं?

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी दुसऱ्या उद्दिष्टावर (भूक संपवणे, २०३० पर्यंत) एक लेख लिहितेय. ज्या देशांत शेती जास्त शाश्वत झाली, तिथे भूकही घटली का, हे आकड्यांवरून पाहायचं आहे.

भुकेची बाजू जमलीय. एफएओचा (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) अल्पपोषणाचा निर्देशक (२.१.१, म्हणजे पुरेसं अन्न न मिळणाऱ्या लोकांचं प्रमाण) घेतला. देशपातळीवर तो तीन वर्षांच्या सरासरीत मिळतो. दरवर्षीच्या अहवालात मागचे आकडेही सुधारले जातात, म्हणून जुने अहवाल बाजूला ठेवून ताजी मालिकाच वापरली. काही देशांपुढे नुसतं '२.५ टक्क्यांपेक्षा कमी' असतं, ते सध्या वगळलेत. अन्न-असुरक्षितता मोजणारा, आठ प्रश्नांच्या पाहणीवर आधारलेला २.१.२ सुद्धा हाताशी आहे.

घोडं अडलंय ते शेतीच्या बाजूला. २.४.१ म्हणजे उत्पादक आणि शाश्वत शेतीखालच्या जमिनीचं प्रमाण. त्यात आर्थिक, सामाजिक, पर्यावरणीय मिळून ११ उपनिर्देशक आहेत आणि ते शेतकऱ्यांच्या पाहणीतून भरायचे असतात. कागदावर उत्तम, पण फार थोड्या देशांनी ते भरलेत, त्यामुळे तुलनाच होत नाही. हेक्टरी खतवापर लावून पाहिला, पण खत परवडत नाही म्हणून न वापरणारा देशही त्यात 'शाश्वत' ठरतो!

मोफत, देशनिहाय आणि २०१५ पासूनची माहितीच चालेल. पाहणीचा कच्चा डेटा हाताळणं मला जमणार नाही.

मग फाओस्टॅट या एफएओच्या माहितीसाठ्यावरचा पिकाखालच्या जमिनीचा नत्र ताळेबंद (जमिनीत आलेलं नत्र वजा पिकांनी घेतलेलं) घ्यावा का? की त्यासोबत पाण्यावरचा ताण (६.४.२, म्हणजे उपलब्ध गोड्या पाण्यापैकी किती उपसलं जातं) जोडल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही?