वीस-पंचविशीतल्या लोकांची मैत्री होईल असा टेबलटॉप गेम बनवतोय, काय बदलू?

पवईकर_नवा
नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे पवईत. ऑफिस आणि पीजी सोडलं तर ओळख शून्य आणि आजूबाजूला सगळ्यांचीच हीच बोंब, कॉलेजचे मित्र पुण्यात नाहीतर बेंगलोरला, शनिवार आला की लोळत रील बघायच्या. म्हणून एक गेम बनवायला घेतलाय. चार ते सहा जण, एकमेकांना न ओळखणारे, वय साधारण २१ ते २८. सध्याचं व्हर्जन असं की प्रश्नांचे पत्ते आहेत, फासा टाकायचा, येईल त्या रंगाचा प्रश्न उचलायचा, उत्तर दिलं की बाकीचे पॉइंट देतात.

ट्राय केलं तर दर वेळी एचआरच्या इंटरव्ह्यूसारखं होतं. ज्याला छान बोलता येतं तो जिंकतो आणि लाजरा माणूस सरबताचा ग्लास धरून बसतो. आणि शेवटी सगळे "मजा आली यार" म्हणतात, व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो, त्यावर एक फोटो पडतो आणि नंतर चिडीचूप. प्रश्न बदलू की अख्खा गेमच बदलू?

झब्बूपटू
आधी ते पॉइंट काढ. माणूस स्वतःबद्दल काही सांगतोय आणि समोरचे मार्क देतायत, कोण खरं बोलेल?

प्रश्नांनी जवळीक होते हे खोटं नाही. आर्थर अॅरन आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा ३६ प्रश्नांचा प्रयोग आहे ना, नेटवर "प्रेमात पाडणारे प्रश्न" म्हणून फिरतो तो. पण त्यात जोड्या होत्या, सहा जणांचा घोळका नव्हता, प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर द्यायचं, १२-१२ प्रश्नांचे तीन टप्पे हळूहळू खोल जाणारे आणि वेळ ४५ मिनिटं. तुझ्या फाशात पहिल्याच मिनिटाला "तुझी सगळ्यात मोठी भीती कोणती" येऊ शकतं. मग समोरचा "पाल" म्हणून मोकळा होणार, दुसरं काय.

मला विचारशील तर थेट प्रश्न सोडून दे आणि एकमेकांशिवाय अडेल असं काहीतरी कर. हनाबी खेळलायस का, २०१० चा? त्यात आपले पत्ते आपल्यालाच दिसत नाहीत, बाकीच्यांना दिसतात आणि हिंट मोजक्याच देता येतात, म्हणजे पहिल्या डावापासून दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय याचा विचार करावाच लागतो. दिक्सिट या चित्रांच्या पत्त्यांच्या गेमचं स्कोअरिंग पण बघ. तू चित्रावर एक क्लू देतोस आणि ते चित्र सगळ्यांनी ओळखलं तरी तुला शून्य, कोणीच नाही ओळखलं तरी शून्य. म्हणजे टेबलावरच्या एक-दोघांनाच कळेल असं बोलायचं. लाजरा माणूस इथे उलट भारी खेळतो, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत ग्रुपचे स्वतःचे फालतू जोक तयार झालेले असतात जे बाहेरच्याला कळणार नाहीत.

को-ऑप, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच बाजूने खेळायचा गेम करणार असशील तर एक सांभाळ. पॅन्डेमिकसारख्या गेममध्ये सगळी माहिती उघडी असते, मग एकच शहाणा सगळ्यांच्या चाली ठरवतो आणि बाकीचे नुसत्या सोंगट्या सरकवतात. माहिती वाटून ठेवली की हे बरंच कमी होतं.

स्लो_लोकल
मी रिटायर्ड माणूस, डोंबिवलीकर, हे हनाबी वगैरे आम्हाला माहीत नाही. आम्ही सीएसएमटीपर्यंत मेंढीकोट खेळायचो, मधे ब्रीफकेस, त्यावर पेपर पसरला की झालं टेबल. कोणी कोणाला कधी भीती विचारली नाही, भिडूची दश्शी घालवली की ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत शिव्या मात्र खाल्ल्या. तरी ज्याच्या मुलीचं लग्न असेल त्याच्या मंडपात आमचा अर्धा डबा वाढायला उभा असायचा. तीच गाडी, तोच डबा, तीच चार माणसं, रोज. तुमचा गेम बेटा एका रात्रीत संपतो, तिथेच घोळ आहे. प्रश्न कितीही बदला.

लेडीज_स्पेशल
काकांच्या म्हणण्याला आकडाही आहे. कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास, नव्याने दुसरीकडे राहायला गेलेली माणसं आणि कॉलेजला नुकतेच लागलेले विद्यार्थी यांच्यावरचा. ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास, बऱ्यापैकी मित्र व्हायला ९०, घट्ट मैत्रीला २०० च्या वर. आणि कामाच्या ठिकाणी शेजारी बसून काढलेले तास फारसे धरता येत नाहीत, टाइमपासमधले, खेळण्यातले तास उपयोगी पडतात. आता तुझा गेम दोन तासांचा धरला तर ५० तासांसाठी २५ बैठका झाल्या. काकांच्या गाडीत ऑफिसच्या दिवशी रोज एक तास, म्हणजे अडीच महिन्यांत काम फत्ते :)

आमच्या लेडीज डब्यात तर गेमही लागत नाही, मटार सोलता सोलता सासूपासून होमलोनपर्यंत सगळं निघतं, कारण हात कामात असतात आणि एकमेकींच्या डोळ्यात बघत बसायची सक्ती नसते. तेव्हा तुझ्या गेममध्ये हातांना काहीतरी दे, लावायचं, जुळवायचं, रचायचं. गप्पा आपोआप येतील, त्यांचा पत्ता छापायला नको.

आणि एक सिरियसली सांगते, "पूर्ण नाव काय", "कुठे राहतेस", "स्वतःचं की भाड्याचं" असल्या गोष्टी गेममध्ये कुठेही येऊ देऊ नकोस. मुंबईत दोन स्टेशनांच्या नावावरून माणूस समोरच्याचा पगार आणि आडनावावरून जात काढतो. उत्तर नको असेल तर कधीही पास, कारण न विचारता. पहिली भेट कोणाच्या फ्लॅटवर नाही, स्टेशनजवळच्या उजेडातल्या जागी, साडेनऊला संपणारी. नाहीतर मुली येणार नाहीत आणि तू म्हणशील रिस्पॉन्स नाही.

गिरगाव_कटिंग
टेबलटॉप टेबलटॉप म्हणतोयस पण टेबल आहे कुठे? पीजीत कॉट, इराण्याकडे चार चहा आणि बनमस्का ठेवला की जागा संपली. बोर्ड नकोच, नुसते पत्ते कर, मांडीवर मावतील असे. ६३ बाय ८८ मिमीचे नऊ पत्ते एका ए-फोरवर बसतात, म्हणजे ५४ ला सहा पानं. टेस्टिंगला जुना कॅट घे, प्रत्येक पत्ता प्लास्टिक स्लीव्हमध्ये आणि पुढे कागदाची चिठ्ठी सरकव, रूल बदलला की चिठ्ठी बदल. छापायची घाई करू नकोस. फायनल झालं की ३०० जीएसएमचं जाड आर्ट कार्ड, १२ बाय १८ इंची शीट. गिरगावातल्या खाडिलकर रोडच्या लग्नपत्रिकावाल्यांकडे चौकशी कर, पण लग्नसराईत जाशील तर कोणी विचारणार नाही.

पवईकर_नवा
आई शप्पथ, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. एक डोक्यात आलंय बघा: प्रश्न बाद. ५४ पत्ते, सहा जण, आपले आपल्याला न दिसणारे, मेंढीकोटसारखा समोर भिडू आणि भिडू दर बैठकीला बदलणार. आणि संपल्यावर पत्ते डब्यात न ठेवता प्रत्येकाने नऊ-नऊ घरी न्यायचे. पुढच्या वेळी सगळे आले तरच कॅट पूर्ण. कसं वाटतं?

झब्बूपटू
आयडिया कडक पण एकाने दांडी मारली की डाव मोडणार, आणि रविवारी मेगाब्लॉक म्हटल्यावर एक तरी दांडी ठरलेलीच. मग जो आला नाही त्याच्यावर सगळे खार खाणार, मैत्री राहिली बाजूला. नऊ पत्ते नसले तरी खेळ चालला पाहिजे, फक्त जिंकणं जरा अवघड व्हावं.

लेडीज_स्पेशल
+१. आणि मधेच नवीन कोणी आलं तर पहिल्या दिवशी त्याला लिंबू-टिंबू ठेवा, चुकला तरी बाद नाही.

स्लो_लोकल
रविवार घेऊच नका. बुधवार घ्या, ऑफिस सुटल्यावर. आणि दर आठवड्याला ते पोल का काय ते घेऊ नका, वार ठरला की ठरला, येईल तो येईल.

पवईकर_नवा
बुधवार पक्का. काका, पाचच जण आले तर भिडू कसे पाडायचे?

स्लो_लोकल
पाचवा पत्ते पिसतो, वाटतो आणि हिशेब ठेवतो. डाव संपला की हरलेल्या जोडीतला एक उठतो आणि तो बसतो. आमच्यात ठाण्याला चढणारा एक होता, त्याला बसायला जागाच मिळायची नाही, वर्षभर नुसता वाटतच होता.